सांगलीचं भडंग: दुकानात लावायचं का ऑनलाइन टाकायचं? घरात दोन पार्ट्या पडल्यात

विश्रामबागची_वहिनी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आमचं घरगुती भडंगाचं काम आहे, आधी सासूबाई ऑर्डरीपुरतं करायच्या, आता चार बायका कामाला येतात, पॅकिंगचं छोटं मशीन घेतलंय, फूडचा (एफएसएसएआयचा) नंबर काढलाय. विक्री अशी की ओळखीची काही दुकानं आणि दिवाळीत, मे महिन्यात पुण्या-मुंबईचे लोक गाडी दारात लावून नेतात. आता वाढवायचं म्हणतोय आणि इथंच घोडं अडलंय. नवरा म्हणतो डिस्ट्रिब्युटर बघू, मिरज, तासगाव, पलूस, विटा अशी लाईन लागली की महिन्याला ठरलेला माल जाईल. दीर आयटीत आहे, तो म्हणतो वहिनी मधल्या लोकांना कशाला पोसताय, दीडशेचं अर्धा किलोचं पाकीट ऑनलाइन दीडशेला जाईल, सगळे पैसे आपले. सासूबाई म्हणतात आहे ते काय वाईट आहे. तुमच्यातल्या धंद्यावाल्यांनी जरा सांगा. आणि हो, जयसिंगपूरवाल्यांनी आमचं भडंग भारी का तुमचं हा वाद इथं काढू नये :)

लाईनवाला_मिरज
ताई, डिस्ट्रिब्युशनच करतो मी, बिस्किट-नमकीन-साबण, त्यामुळं माझं बोलणं एका बाजूचं वाटेल, वाटू दे. तुमचे दीर म्हणतात मधला माणूस काढला की त्याचे पैसे आपले. मधला माणूस काढता येतो हो, पण त्याचं काम कुठं जातंय? मी काय करतो ते सांगतो. तुमच्याकडनं पन्नास बॉक्स रोखीनं नाहीतर आठवड्याच्या बोलीवर उचलतो, माझ्या गोडाऊनला ठेवतो, माझा पोरगा छोटा हत्ती टेम्पो घेऊन सोमवारी मालगाव-बेडग, मंगळवारी आरग अशी लाईन मारतो, एका दुकानात चार पाकिटं, दुसऱ्यात सहा, त्यातला निम्मा माल उधार, ती उधारी वसूल करायला परत तोच पोरगा जातो, कुणाचं पाकीट उंदरानं कुरतडलं, कुणाचं सादळलं, ते परत घेऊन बदलून देतो, आणि दुकानदार पुढच्या वेळी "ते भडंग नको बाबा, उठाव नाही" म्हणाला की त्याच्याशी गोड बोलून परत दोन पाकिटं टाकतो. ह्याचे मला तुमच्या मालात आठ टक्के मिळाले तर त्यात डिझेल, पोराचा पगार आणि बुडालेली उधारी. तुम्ही मला काढलं तर ह्यातलं कुठलं काम होणार नाही असं आहे का? कुणीतरी करणारच, तुम्ही नाहीतर कुरिअरवाला, आणि तो आठ टक्क्यात करत नाही.

पुण्यातला_सांगलीकर
ऑनलाइन टाका ताई!! इथं कोथरूडात भडंगाच्या नावाखाली जे मिळतं ते खाऊन डोळ्यात पाणी येतं, आणि तिखटामुळं नाही. मी पहिली ऑर्डर देतो.

तासगावचा_बेदाणा
आमचा बेदाणा आम्ही दोन्हीकडं विकतो, तासगावच्या सौद्यात पण आणि ऑनलाइन पण, म्हणून बोलतो. ऑनलाइनला कुठला माल चालतो हे मालाच्या वजनापेक्षा त्याच्या आकारावर आहे. कुरिअरवाला खरं वजन आणि आकाराचं वजन दोन्ही काढतो आणि जे जास्त त्याचे पैसे लावतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची, बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं, आलं किलोत वजन. माझा एक किलो बेदाणा २० बाय १५ बाय १० च्या खोक्यात बसतो, ३००० भागिले ५०००, म्हणजे ०.६. मग खरं वजनच धरतात, सव्वा किलोच्या आत काम होतं. आता भडंग घ्या. तुमची अर्धा किलोची दोन पाकिटं, फुगवलेली, चुरा होऊ नये म्हणून थोडी मोकळी जागा, ३५ बाय २५ बाय १६ चं खोकं तरी लागणारच. १४,००० भागिले ५०००, २.८ किलो, वरचं धरून ३. म्हणजे माल एक किलो आणि भाडं तीन किलोचं. ताई तुम्ही चुरमुऱ्याच्या आतली हवा पुण्याला पाठवायचं भाडं भरणार.

दिरांना सांगा लॅपटॉप बाजूला ठेवून आधी टेप घेऊन खोकं मोजा.

विश्रामबागची_वहिनी
@तासगावचा_बेदाणा, दिरानं मोजलं. खोकं ३६ बाय २६ बाय १६ निघालं. घरात एकदम शांतता आहे :D
पण तो आता म्हणतोय की मोठ्या साईटवर कमिशन कमी झालंय, मीशोनं तर २०२१ पासून शून्यच केलंय, मग?

तासगावचा_बेदाणा
कमिशन शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे ना ताई. भाडं आहे, रिटर्न आहे, वरती दिसायचं असेल तर जाहिरात आहे. "सांगली भडंग" असं टाकून बघा, पानं भरून माल दिसतो, त्यात तुमचं पाकीट तिसऱ्या पानावर, तिथपर्यंत गिऱ्हाईक खाली खाली जात नाही. किराणा दुकानात फळीवर समोरची जागा पाहिजे तर दुकानदाराला स्कीम द्यावी लागते, इथं क्लिकमागं पैसे. जागेचं भाडं दोन्हीकडं आहेच. आणि कॅश ऑन डिलिव्हरी चालू ठेवली तर काही पार्सलं दारातनं परत येतात, जातानाचं भाडं पण तुमचं, येतानाचं पण बऱ्याचदा तुमचंच. बेदाणा परत आला तर मी परत विकतो. भडंग आठवडा-पंधरा दिवस फिरून आलं तर गुरांना घाला.

खडूस_हिशोबनीस
आकडे घ्या, भावनांवर धंदा होत नाही. समजा एमआरपी १५०, आता नमकीनचा जीएसटी ५ टक्के झालाय (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ होता, तेवढा श्वास घ्यायला मिळाला).

दुकानाचा रस्ता: दुकानदाराला एमआरपीवर २० टक्के सोडलं तर त्याला १२० ला पडलं. डिस्ट्रिब्युटरला ८ टक्के, म्हणजे तुम्ही त्याला द्यायचं साधारण १११ ला. त्यातनं टॅक्स काढला की हातात १०५-१०६.

ऑनलाइनचा रस्ता: १५० ला विकलं, टॅक्स काढून १४२-१४३. एका पाकिटाचं आकाराचं वजन दीड किलो धरा, भाडं समजा ७०. खोकं, टेप, बबलची शीट १२. राहिले साठ. ह्यात कमिशन, जाहिरात, रिटर्न काहीच धरलेलं नाही. भाड्याचा आकडा मी समजा म्हणून घेतलाय, तुमचा कुरिअरवाला ५० म्हणाला तरी ८० च राहतात.

आता कागदपत्रं, हे कुणी सांगत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल ४० लाखाच्या आत असेल तर साईटवरनं राज्यातल्या राज्यात माल विकायला जीएसटी रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, एनरोलमेंट नंबर काढायचा. पण राज्याबाहेर एक पाकीट जरी गेलं, समजा बेंगलोरच्या भाच्याला, आणि ते बिल करून विकलेलं असेल, तर रजिस्ट्रेशन पाहिजेच. निपाणी, बेळगाव आपल्याला बाहेरचं वाटत नाही, कायद्याला वाटतं. रजिस्ट्रेशन असेल तर साईटवाले तुमच्या पैशातनं ०.५ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच कापून घेतलेला टॅक्स, कापतात (१० जुलै २०२४ च्या आधी १ होता), तो क्रेडिटला मिळतो, पण रिटर्न वेळेवर भरले तर.

पेठेतला_वाणी
गणपती पेठेतनं बोलतोय. सगळे कंपनीचं आणि कुरिअरचं बोलायलेत, दुकानदाराला कोण विचारंना. वहिनी, तुमचं पाकीट मी ठेवीन का नाही हे कशावर ठरतंय सांगतो. पहिली गोष्ट, अर्धा किलोचं पाकीट लई जागा खातंय. त्याच जागेत माझी वेफर्सची दोन डझन पाकिटं बसत्यात आणि ती रोज जात्यात. तुमचं भडंग चांगलं असेल हो, पण माझी फळी रबराची नाही. तुम्ही दहा रुपयेवाली लड काढा, वरनं खिळ्याला टांगतो, जागा लागत नाही, शाळेची पोरं, रिक्षावाले, येता जाता एक तोडून नेत्यात. मोठं पाकीट मग त्या लडीनं विकायचं, एकदा चव लागली की घरी न्यायला मागतंय गिऱ्हाईक.

दुसरी गोष्ट, सादळलेला माल. पावसाळ्यात आमच्याकडं कृष्णेचा दमटपणा भिंतीत उतरतोय, पाकिटाचं सील जरा कच्चं असलं की चार दिवसात भडंग मऊ. गिऱ्हाईक शिव्या तुम्हाला देत नाही, मला देतंय. बदलून देणारा माणूस दर आठवड्याला येणार असेल तर माल ठेवतो, नसेल तर नाय ठेवत. हे लाईनवाल्या भावानं वर सांगितलं ते शंभर टक्के खरं.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. माझ्याकडं १५० आणि मोबाईलवर १२५ दिसलं ना, तर गिऱ्हाईक माझ्यासमोर फोन धरून उभं राहतंय. मी काय करणार? तुमचं पाकीट मागच्या फळीवर, मिठाच्या पिशवीमागं. विचारलं तर "संपलंय".

लाईनवाला_मिरज
वाणीशेठ, शेवटची गोष्ट एकदम वर्मावर बोट! हेच मोठ्या कंपन्यांबरोबर झालं. २०२१ च्या शेवटी डिस्ट्रिब्युटरांच्या फेडरेशननं आवाज उठवला होता, जिओमार्ट, उडान, मेट्रो असल्या घाऊक विकणाऱ्यांना आमच्यापेक्षा स्वस्तात माल मिळतो आणि दुकानदार आम्हाला तोंडावर विचारतो तुझा रेट जास्त का. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात कोलगेटचा एक माल डिस्ट्रिब्युटरांनी देणंच बंद केलं होतं, नंतर बोलणी झाली. कोलगेटएवढ्या कंपनीला जे निस्तरावं लागलं ते विश्रामबागच्या वहिनींना जड जाणार नाही का? रेट एकच ठेवा नाहीतर दोन्हीकडं पाकीट तरी वेगळं ठेवा.

मिरजेचा_तंबोरा
पाकीट वेगळं ठेवा म्हणजे नेमकं काय?

लाईनवाला_मिरज
म्हणजे दुकानात जे वजन आहे ते ऑनलाइनला नसावं. दुकानात लड आणि पाव किलो. ऑनलाइनला घरगुती मोठा डबा, नाहीतर साधं-लसूण-जास्त तिखट असं तिघांचं एकत्र खोकं. मग गिऱ्हाईकाला रेट शेजारी ठेवून बघायला जागाच राहत नाही.

कराडचे_सर
मार्केटिंग शिकवतो, त्यामुळे थोडं सहन करा. आपल्याच भागात ह्याची उत्तरं पडली आहेत. चितळ्यांनी १९३९ ला भिलवडीत डेअरी काढली. गाव कृष्णाकाठचं, शेजारनं रेल्वे, आणि गिऱ्हाईक शहरात. नासणारा माल होता, तरी त्यांनी तो दुसऱ्याच्या भरवशावर शहरात सोडून दिला नाही, घरातलीच माणसं पुण्यात जाऊन उभी राहिली आणि १९५० ला तिथं स्वतःचं दुकान सुरू झालं. म्हणजे स्वतःचं दुकान हा तिसरा रस्ता इथं कुणीच बोललं नाही. दुसरं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. लोखंडी नांगर विकायचा होता, शेतकरी घेईना, लोखंडानं जमीन खराब होते असा समज. १९२० ला त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, आपला माल आणि कारखाना ह्याची माहिती लोकांच्या घरात जायला लागली. आज तुम्ही इन्स्टावर रील टाकता त्याचं काम ते शंभर वर्षांपूर्वी टपालानं करत होते. माहिती पोचवायचा रस्ता आणि माल पोचवायचा रस्ता हे दोन वेगळे असतात, लोक ऑनलाइन म्हणताना ह्या दोघांची भेळ करतात. वहिनी, तुम्हाला माहिती मोबाईलवरनं पोचवायची आहे. माल मोबाईलवरनंच विकला पाहिजे असं कुठं आहे?

पेठेतला_वाणी
सर भारी बोलला. पण पुण्यात दुकान घ्यायला वहिनींना भडंग न्हाई, सोनं भाजायला लागंल.

बसस्टँडवरचा_पाहुणा
सरांचा मुद्दा पकडून माझा अनुभव टाकतो. आमच्या आत्याची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही हडपसर-मगरपट्टा बाजूला विकतो. कुरिअर वापरतच नाही. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुधवारपर्यंत ऑर्डर घ्यायची, पैसे यूपीआयनं आधी, गुरुवारी भाजायचं-भरायचं, शुक्रवारी रात्री सांगलीतनं निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत मोठी पोती आणि खोकी टाकायची. डिकीवाला पोत्यावर भाडं घेतो, लांबी-रुंदी मोजत बसत नाही, ह्यातच सगळं आलं. शनिवारी पहाटे माझा मावसभाऊ स्वारगेटला उतरवून घेतो आणि दुपारपर्यंत सोसायटीच्या गेटवर वाटतो. एका सोसायटीत वीस पाकिटं जातात, एका दारात एक नाही. परत येणारा माल शून्य कारण पैसे आधीच आलेत. सादळायला वेळच मिळत नाही, गुरुवारी भरलेलं शनिवारी ताटात.

अडचण सांगतो, नुसतं गोड सांगत नाही. मावसभावाला काहीतरी द्यावंच लागतं, दर पाकिटामागं ठरवून दिलंय, नाहीतर चार शनिवारनंतर नातं पण जाईल आणि धंदा पण. दुसरं म्हणजे ग्रुपवर एका बाईनं लिहिलं "ह्या वेळी मीठ कमी" की पन्नास लोकांनी वाचलं. तिसरं, बिल आणि लेबल. ग्रुपवर विकलं म्हणून लेबल नको असं काही नाही, पाकिटावर वजन, तारीख, एमआरपी, पत्ता, फूडचा नंबर सगळं पाहिजे.

लाईनवाला_मिरज
म्हणजे तुमचा मावसभाऊ डिस्ट्रिब्युटरच झाला की :)) फक्त त्याच्याकडं छोटा हत्ती नाही.

बसस्टँडवरचा_पाहुणा
झाला की. फरक एवढाच की त्याला उधारी नाही, आणि गिऱ्हाईकांचे नंबर माझ्याकडं आहेत. दुकानातनं गेलेलं पाकीट कुणी खाल्लं हे तुम्हाला कधी कळतंय का? मला कळतं. कोण दर पंधरा दिवसांनी मागवतं, कोण फक्त गणपतीत. भाव वाढवायचा झाला तर आधी त्यांनाच विचारतो.

पुण्यातला_सांगलीकर
दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्यांकडं लावता येईल का हो? इथं सगळे तिथनंच मागवतात.

तासगावचा_बेदाणा
आमच्या ओळखीच्या एकाचा मसाला आहे तिथं. ते ऑर्डर काढतात, तुम्ही त्यांच्या गोडाऊनला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत माल पोचवायचा, कमी पडला तर नाव खाली जातं, पैसे नंतर. चार बायकांच्या कामात दिवाळीला मागणी तिप्पट झाली तर कुणाचं आधी भागवणार? आणि एक नियम लक्षात ठेवा, फूड ऑथॉरिटीचं म्हणणं असंय की ऑनलाइन खाण्याचा माल गिऱ्हाईकाच्या हातात पडताना त्याची मुदत किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस तरी शिल्लक पाहिजे. तुमच्या पाकिटावर मुदत किती टाकताय त्यावर सगळं आहे. दोन महिने टाकत असाल तर त्यांच्या गोडाऊनला पडून राहायला फार दिवस उरत नाहीत, माल परत तुमच्याच गळ्यात.

हळदीचा_व्यापारी_नाही
अवांतर: ऑनलाइन ऑनलाइन करणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवावा. पेठेत पाणी, मारुती रोडला पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद. ॲप सगळी चालू होती, ऑर्डर घेत होती. माल यायला रस्ताच नव्हता.

पेठेतला_वाणी
त्या वेळी माझं दुकान आढ्यापर्यंत पाण्यात, त्यामुळं दुकानवाल्यांनी पण लई छाती काढायला नको. दोन ठिकाणी माल असलेला बरा, एक गावात आणि एक वरच्या अंगाला. वहिनी विश्रामबागला आहेत, गोडाऊन तिकडंच ठेवा, पेठेत जागा स्वस्त मिळाली म्हणून तळघर घेऊ नका.

साताऱ्याची_सून
मी ग्राहक म्हणून बोलू का? साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला लोक दुकानात जातात, बॉक्सवर दुकानाचं नाव बघतात, चव घेऊन मग अर्धा किलो बांधून घेतात. नवीन नावाचं भडंग ऑनलाइन कोण घेणार हो, फोटोत सगळी भडंगं सारखीच लाल दिसतात. चव द्या आधी. महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, पुण्याला जाणारी गाडी चहाला थांबते तिथं, पाकिटाच्या मागं व्हॉट्सॲपचा क्यूआर छापा. एकदा खाल्लं की घरी गेल्यावर तिथनंच मागवतील.

विश्रामबागची_वहिनी
अगं साताऱ्याची सून, हे भारी सांगितलंस. क्यूआरचं दिराच्या अंगावर घातलं, त्याला पण काहीतरी पाहिजेच होतं.

तर आत्तापुरतं असं ठरतंय. दहा रुपयेवाली लड काढायची, त्यासाठी पॅकिंगवाल्याला वेगळा रोल सांगितलाय, तो जरा जाड घेतोय, पैसे जास्त जातील पण सादळण्याचा विषय मिटेल. मिरज आणि तासगाव लाईन डिस्ट्रिब्युटरकडं, रोख नाहीतर आठ दिवस, त्यापुढं उधारी नाही असं नवरा म्हणतोय, बघू किती टिकतं. पुण्याला पाहुण्यांनी सांगितलं तसं ट्रॅव्हल्सनं, तीन चवींचं एकत्र खोकं, दुकानात ते मिळणारच नाही. मोठ्या साईटचा नाद सध्या नाही. पाहुणे, तुमच्या मावसभावाचा दर पाकिटाला किती ते मला व्यनि (खाजगी मेसेज) करता का, आमच्या नणंदेच्या मिस्टरांशी बोलायचंय, त्यांना कमी दिले तर नणंद बोलेल आणि जास्त दिले तर सासूबाई.

खडूस_हिशोबनीस
नणंदेच्या मिस्टरांना जे द्याल ते लिहून ठेवा आणि बँकेतनं द्या. आणि लडीवर पण वजन लिहायचंय, १० रुपयांत किती ग्रॅम बसतंय ते आधी रोल, मजुरी आणि वाणीशेठचं मार्जिन धरून काढा, मग छपाई. रोल छापून आल्यावर ग्रॅम कमी करता येत नाहीत.

पेठेतला_वाणी
माझं मार्जिन धरायचं म्हणाला त्याबद्दल आभार. पहिल्या महिन्यात बारा लडींवर एक फुकट द्या वहिनी, काउंटरच्या अगदी समोर टांगतो.

लाईनवाला_मिरज
बारावर एक जास्त होतंय शेठ, पंधरावर एक करा. वहिनी ऐकू नका ह्यांचं.